बाहुलीघरातली मगर

ता. ४ मे

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, ‘पुढच्या सुट्टीत नक्की येतो’ हे तुझं वाक्य आता इतकं जुनं झालं आहे की त्याला गंज चढायला लागलाय. ह्यांना इथल्या लाँचवर नोकरी लागली तेव्हा चिऊ रांगत होती आणि भोंगा जन्मायचा होता. आता बहाणे पुरे.

तुझी अडचण मला ठाऊक आहे. गाव एवढंसं, तळं एकच, तिथे आठ दिवस मुलांना गुंतवायचं कशात, असं तुझ्या डोक्यात असणार. तर ऐक. धक्क्यापासून एक छोटी आगगाडी सुटते. डबे उघडे, वेग असा की उतरून फुलं तोडून पुन्हा चढता येईल. ती काठाकाठानं पक्ष्यांच्या मनोऱ्यापर्यंत जाते आणि वळणावर ड्रायव्हर मुलांना घंटा वाजवू देतो. मनोऱ्यावर दुर्बीण आहे, तिथे चिऊला सोडलं की संध्याकाळी हाताला धरूनच आणावं लागेल. मग लाकडी घोड्यांचं चक्र. घोडे पुष्कळ आहेत, पण मुलं भांडतात ती त्यातल्या एकुलत्या एका डुकरासाठी, तेव्हा भोंग्याला लवकर घेऊन जा. मत्स्यालय म्हणजे एकच अंधारी खोली, पण तिथला मोठा मिशाळ मासा काचेला हनुवटी टेकून बघत राहतो, आणि आपणच काही चुकलो की काय असं वाटून माणसं शर्टाची बटणं लावायला लागतात. सगळे त्याला ‘मास्तर’ म्हणतात. पलीकडे गोट्यांचा काठ आहे. तिथे कितीही आत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही, त्यामुळे वहिनीलाही निवांत पुस्तक वाचता येईल.

शिवाय माझं सायकलींचं दुकान आहेच. लहान मुलांच्या खुर्चीच्या सायकली आहेत, आणि एक दोघांनी मिळून चालवायची. ती तुम्हा नवराबायकोसाठी राखून ठेवते. कोण जोर लावतं आणि कोण नुसते पाय फिरवतं हे तिच्यावर लगेच उघड होतं.

एक फक्त बाहुलीघराचं सांगता येत नाही. जुन्या होड्यांच्या शेडमध्ये काका-काकू, सगळं गाव त्यांना तेच म्हणतं, हातमोज्यांच्या बाहुल्यांचा खेळ करतात. काका बाहुल्या बनवतात आणि काकू त्यांना बोलतं करतात. पण काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी काही महिने एक शब्दही उच्चारायचा नाही अशी तंबी दिली आहे. खेळ होईल की नाही, देव जाणे.

आईला आण. बाबा गेल्यापासून ती शाळेच्या बसथांब्यापलीकडे कुठे गेलेली नाही. आणि मुलांना सांभाळायला म्हणून आणू नकोस, तिला म्हणून आण. बाकी भेटीत बोलूच.

तुझी वाट बघणारी,
ताई

ता. ११ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. तुझ्या वहिनीनं ते फ्रिजवर चिकटवलं आणि मला न विचारता तिकिटं काढली. वीस तारखेला दुपारी पोचतो.

आईचं म्हणशील तर तिनं आधी साफ नकार दिला. कुंड्यांना पाणी कोण घालणार, दूधवाल्याला काय सांगायचं, घर असं उघड्यावर टाकून जायचं का, वगैरे. तू लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं तरी ढिम्म. शेवटी मी म्हणालो की तू नसलीस तर भोंगा आम्हाला आवरायचा नाही. लगेच उठून बॅग काढली. तुला हवं होतं तसं हे झालं नाही, ठाऊक आहे, पण आईपुढे चालतं तेच नाणं मी वापरलं.

भोंग्याचं नाव भोंगा का, ते तू अजून ऐकलेलं नाहीस. आमच्या तिसऱ्या मजल्यावर त्यानं दूध नको म्हटलं की खालचा औषधवाला मान वर करून बघतो. कानात घालायला कापूस आणून ठेव. चिऊचा निरोप असा की मास्तर मासा काचेबाहेर येऊ शकत नाही हे आधी लेखी कळवावं.

दुहेरी सायकलवर मी मागे बसणार.

तुझा,
धाकटा

ता. १ जून

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. आम्ही सुखरूप पोचलो. मुलांच्या खिशांतून अजून गोटे निघताहेत. भोंग्याला डुकरावरून उतरवताना तुमच्या ह्यांना चावा बसला, त्याबद्दल पुन्हा एकदा क्षमा. चिऊ म्हणते मास्तर तिच्याकडे बघून हसला. आठ दिवसांत मी आख्खं पुस्तक वाचून काढलं, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.

पण हे पत्र आईंसाठी आहे. त्या वाऱ्याच्या दिवशी काय झालं ते तुम्हाला नीट कळलं नसणार. लाँच बंद होती. आम्ही दोघं ती सायकल घेऊन गेलो, जाताना वारा पाठीशी होता म्हणून लांब गेलो आणि येताना जीव निघाला. तुम्ही दुकानात. आई तेवढ्या वेळात मुलांना घेऊन बाहुलीघरात गेल्या होत्या. संध्याकाळी विचारलं तर बरं होतं एवढंच म्हणाल्या. खरी हकीकत चिऊनं गाडीत सांगितली, ती लिहिते.

खेळ लागला होता, दाढ दुखणाऱ्या मगरीचा. काकूंचे हात बाहुल्यांत आणि आवाज मात्र काकांचा. मगर, बदक, पिल्लू, सगळे एकाच आवाजात बोलत होते, तोही बसमध्ये ‘पुढे सरका’ म्हणणाऱ्या कंडक्टरचा. मुलं चुळबुळायला लागली. तेवढ्यात आमचे चिरंजीव बाकावर उभे राहिले आणि मगर माणसासारखी का बोलते म्हणून विचारते झाले. त्याचा आवाज तुम्ही आता ऐकलाय. काकांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. आईंनी त्याला खाली ओढलं आणि गप्प बसवायला म्हणून मगरीच्या आवाजात त्याच्या कानात पुटपुटल्या की अरे बाबा, माझी दाढ दुखते आहे, मी कशी नीट बोलू. हळूच म्हणाल्या, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. पडद्यामागे काकूंनाही. चिऊ सांगते की मगरीनं मान वळवून आजीकडे बघितलं, वाकून नमस्कार केला आणि तोंड उघडून तशीच थांबली.

मगरीनं तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं. मग आई बोलल्या. जाडा, ओलसर, जरासा नाकातला आवाज, सर्दी झालेल्या साहेबासारखा. मग बदकाचा, मग पिल्लाचा. तिसऱ्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी पूर्ण खेळ बोलून दाखवला, आणि संपल्यावर कुणी उठेनाच.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या हे मला माहीत होतं. हे मात्र मी सात वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

नंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. रोज दुपारी त्या ‘जरा जाऊन येते’ म्हणायच्या, आणि निघायच्या दिवशी दारात सगळ्यांच्या बॅगा होत्या, त्यांची नव्हती. काकूंचा आवाज येईपर्यंत राहते, असं त्या बुटांच्या नाड्या बांधत असलेल्या भोंग्याला म्हणाल्या, म्हणजे आम्हाला ऐकू जाईल असं. हे ‘ठीक आहे’ म्हणाले आणि मग आख्खा प्रवास खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मला राग आलेला नाही, हे मुद्दाम लिहिते. वॉर्डात सिस्टरना सांगून सकाळची ड्यूटी मागून घेतली आहे, दुपारी मुलांना मी बघते. सकाळचं मात्र ह्यांच्या गळ्यात आहे. तारांबळ उडते, पण मरत कुणी नाही. आईंचा गुडघा दुखला तर त्या सांगायच्या नाहीत, उठताना भिंतीला हात लावतात का तेवढं बघा.

तुमची,
वहिनी

ता. १२ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आईनं तुला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. पोस्टमन आला की ती दुकानात येऊन माझं काही टपाल आलं का विचारते. माझं टपाल म्हणजे टायरवाल्याची बिलं, त्यात तिला इतका रस कधीपासून आला? कळलं ना मला काय म्हणायचंय ते.

ती मजेत आहे. सकाळी काठावर जाऊन आवाज घोटते. परवा एक कोळी जाळं टाकता टाकता दचकला, त्याला वाटलं बदक त्याच्याशीच बोलतंय. बेकरीवाला तिला मगरीच्या आवाजात पाव मागितल्याशिवाय पाव देत नाही. रस्त्यात पोरं तिला मगरआजी म्हणतात, आणि आपली आई, जिचं कुणी हळदीच्या बोटाएवढं कौतुक केलं तरी जिला संकोच व्हायचा, ती वळून जबडा उघडून दाखवते.

काकूंशी तिचं मेतकूट जमलंय म्हणावं तर दिवसभर भांडतात. एक बोलते, दुसरी पाटीवर लिहिते. काकूंचं म्हणणं, मगर फार सभ्य झाली आहे. आईचं म्हणणं, दाढ दुखते म्हणून कुणी शिष्टाचार सोडत नाही. काकू रागावल्या की खडू मोडतो. काका मध्ये पडत नाहीत, ते कोपऱ्यात बसून नव्या बाहुलीला डोळे लावत असतात. डॉक्टर पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला घसा तपासणार आहेत, तेव्हा काय ते कळेल.

तुला आठवतं का, आपण लहान असताना ती ड्यूटीवरून आली की जेवताना फोनवाल्यांच्या नकला करायची. एक साहेब होता कायम सर्दीचा. एक बाई होती, रोज लांबच्या गावी फोन लावून नुसती कुत्र्याचं भुंकणं ऐकायची. तू इतका हसायचास की पाणी नाकात जायचं. केव्हा बंद झालं ते, मला तर आठवत नाही.

तिला चार ओळी लिही.

ताई

ता. २० जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. लिहायला उशीर झाला कारण हात रिकामे नव्हते. चिऊची वेणी घालायला शिकतोय. पहिल्या दिवशी तिच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं की मुलीला बरं नसल्यास घरी ठेवावं. आता जमते, पण एका बाजूला झुकते, आणि चिऊ मान तिरकी करून ती सरळ करते. काल भोंग्याच्या डब्यात माझं जेवण गेलं आणि मी ऑफिसात नकाशांच्या टेबलावर चार छोटे चौकोनी पाव आणि सोललेली गाजरं खाल्ली. शेजारच्याला वाटलं मी पथ्यावर आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, नेतोही. पण तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. तुझं पत्र वाचून मी चिऊला जवळ बसवून विचारलं की आजी घरात कधी असे आवाज काढायची का. ती म्हणाली, नाही, घरी आजी फक्त ‘आवर’ म्हणायची. ताई, पाच वर्षं ती माझ्याकडे आहे. मी रोज संध्याकाळी घरी आलो, तिनं चहा दिला, मी मुलांनी जेवण केलं का ते विचारलं, वीजवाला आला होता का ते विचारलं. तिला दुसरं काही विचारल्याचं मला आठवत नाही. आवाज काकूंचा बसलाय म्हणता, पण माझ्या घरात आईचा बसला होता आणि मला पत्ता नव्हता. आणि तो सुटला कुणापुढे, तर तिसऱ्या बाकावर अनोळखी पोरांपुढे. याचं वाईट वाटतं आणि राग येतो, आणि राग नेमका कुणावर ते कळत नाही, म्हणून पत्र लिहिलं नाही.

तरी एक आहे. तिचं घर इथे आहे. काकूंचा आवाज आला की तिचं तिथलं काम संपतं, असं तीच म्हणाली होती. पाच जुलैला, शनिवारी, मी येतो आणि तिला घेऊन जातो. तिला बॅग भरून ठेवायला सांग. इथे सगळ्यांना तिची आठवण येते. मला येते.

तुझा,
धाकटा

ता. ६ जुलै, रविवार सकाळ

प्रिय वहिनीस,

सप्रेम नमस्कार. हे पत्र तुझ्या नवऱ्याच्याच खिशातून येईल. तो फोडणार नाही, कारण त्याला आज कशाचंच भान नाही. दुकानात गिऱ्हाईक यायचंय, समोर धक्का दिसतोय, तेवढ्यात सगळं लिहून काढते. तो स्वतः सांगेल ते दोन वाक्यांत उरकेल.

गुरुवारी डॉक्टरांनी काकूंना बोलायची परवानगी दिली. आम्ही सगळे जमलो होतो. काका तर नवा शर्ट घालून आले होते. इतक्या महिन्यांनी काकूंनी तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य आईला उद्देशून म्हणाल्या, की मगर अजूनही फार सभ्य आहे. आई हसता हसता खाली बसली. मग लक्षात आलं की काकूंचा आवाज पूर्वीचा राहिलेला नाही. खरखरीत झालाय, विहिरीतून आल्यासारखा, आणि थोडं बोललं की थकतो. डॉक्टर म्हणाले, आता असाच राहील.

पण आईनं घरी येऊन बॅग भरली. ‘धाकटा यायचाय, आणि आवाज येईपर्यंत असं मी कबूल केलं होतं,’ एवढंच म्हणाली. साड्यांच्या घड्या घालताना आवाज घोटणं मात्र चालू होतं. शनिवारचा खेळ शेवटचा म्हणून तिला तो चांगला करायचा होता.

काल बसला उशीर झाला. धाकटा थेट बाहुलीघरात आला तेव्हा खेळ सुरू झाला होता. मी दारात तिकिटं फाडत होते. त्यानं मला खूण केली की आईला कळवू नकोस, आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला, हातात बॅग, चेहरा असा की कुठल्याही क्षणी घड्याळ बघेल.

खेळ नवा होता. मगरीचं पिल्लू रुसून लपतं आणि मगर त्याला शोधत फिरते. आईनं पडद्यामागून पहिलं वाक्य टाकलं आणि मी धाकट्याकडे बघितलं. त्यानं बॅग खाली ठेवली. मग बदक आलं, त्याच्या बोलण्यावर तो फिस्सकन हसला आणि तोंडावर हात धरला. थोड्या वेळानं हात काढला. पोरं जिथे हसत होती तिथे हसायला लागला, मग पोरांच्याही आधी. शेवटी मगर पुढे आली आणि विचारायला लागली की माझं पिल्लू कुणी पाहिलं का, कुठे आहे माझं पिल्लू. पोरं ‘मागे, मागे’ म्हणून ओरडत होती. मगरीला नेहमीप्रमाणे ऐकू येत नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं, कुठे आहे. आणि तुझा नवरा, नकाशे काढणारा, दोन पोरांचा बाप, मागच्या भिंतीशी उभा राहून मोठ्यानं म्हणाला, इथे आहे.

त्यानं ठरवून म्हटलं नाही, मी शेजारीच होते. त्यालाच धक्का बसला.

मगर थांबली. पोरं वळून बघायला लागली. त्या दोन शब्दांवरून आईनं ओळखलं असणार, पोटच्या पोराचा आवाज आहे. मग मगर सर्दीच्या आवाजात म्हणाली, की इथे असेल तर त्यानं आधी सांगावं, काही खाल्लंय का. शेड हसण्यानं दणाणली. धाकटा म्हणाला, नाही, सकाळपासून नाही. मग पडद्याच्या कडेनं आईचा हात बाहेर आला, हातात तिचा डबा. पहिल्या रांगेतल्या मुलीनं तो घेतला आणि मागे दिला, असा हातोहात तो डबा शेवटच्या रांगेपर्यंत आला. उरलेला खेळ त्यानं बाकाच्या टोकाला बसून, जेवत, डोळे पुसत पाहिला.

खेळ संपल्यावर काकूंनीच त्यांच्या नव्या आवाजात सांगितलं की हा आवाज फक्त म्हाताऱ्या कासवाच्या कामाचा आहे, कासव मी करीन, बाकीच्यांचं काय करायचं ते तुम्ही मायलेकांनी ठरवा. आई भरलेल्या बॅगेकडे बघत होती. धाकट्यानं मगर हातात घेऊन तिची शेपटी उलटसुलट करून पाहिली आणि काकांना विचारलं की खेळ कधी बंद होतात. काका म्हणाले, थंडी पडली की. मग थंडी पडली की मी न्यायला येईन, तो म्हणाला, आणि मधल्या शनिवारी आम्ही चौघं येत जाऊ. मगरीच्या शेपटीला उद्देशून म्हणाला, आईकडे बघून म्हणायला अजून जमत नाही त्याला. पण बॅग उचलून आमच्या जिन्यावरून वर घेऊन गेला तो स्वतः, आणि आईनं ती उघडेपर्यंत तिथेच उभा राहिला.

रात्री दमून लवकर झोपले दोघं. आज सकाळी मात्र त्यानं विचारलं की आई, तू लाँचमधून गेलीस का कधी. नव्हती गेली. दर वेळी कुणीतरी पिशव्या धरायला काठावर लागतं, आणि ते कुणीतरी तीच असते. मी पिशव्या माझ्याकडे ओढून घेतल्या आणि दोघांना पहिल्या फेरीला पिटाळलं.

लाँच आत्ता धक्क्याला लागतेय. दुकानातून दिसतात दोघं, पुढच्या बाकावर. आई हातवारे करून काहीतरी सांगतेय, बहुतेक सर्दीचा साहेब असावा, कारण धाकटा कठड्याला धरून वाकलाय आणि शेजारचे प्रवासी त्याच्याकडे बघून हसताहेत. सगळे उतरले. हे दोघं उतरत नाहीत. ह्यांनी केबिनमधून माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि पुन्हा दोर सोडला.

तेव्हा त्याची संध्याकाळची गाडी चुकली तर जेवण झाकून ठेव आणि रागावू नकोस. चिऊच्या तिरक्या वेणीला आणि भोंग्याच्या गळ्याला माझे पापे. पत्र टाकत जा, माया आहेच, ती अशीच वाढू दे.

तुझी,
वन्सं